दोन ओळींत मावेल एवढंच

मराठी सबटायटल्स मी करीन, असं आमच्या चित्रपटप्रेमी गटात मी हौसेनं सांगून टाकलं. दीड तासाचा माहितीपट, त्यातही बराच वेळ कुणी बोलतच नाही. पंधरा दिवसांत हातावेगळं होईल असा अंदाज होता. सहा आठवडे गेले.

माहितीपट होता इस्रायली दिग्दर्शिका याएल हेर्सोन्स्की यांचा ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ (२०१०). नाझींचं एक पथक मे १९४२ मध्ये वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, शिरलं आणि महिनाभर चित्रीकरण करून गेलं. तो प्रचारपट पुरा झालाच नाही. युद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या संग्रहात त्याचं तासाभराचं कच्चं संकलन मिळालं. त्याला ना आवाज होता ना श्रेयनामावली, डब्यावर फक्त नाव, ‘घेट्टो’. पुढे कित्येक वर्षं त्यातले तुकडे घेट्टोचं अस्सल चित्रण म्हणून वापरले गेले. मग १९९८ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका तळावर वगळलेल्या शॉट्सची रिळं हाती लागली आणि पंचाईत झाली. भिकाऱ्यांकडे न बघता जाणारी नीटनेटकी बाई त्यात पुन्हा पुन्हा तशीच चालते. मधेच एखादा कॅमेरावाला स्वतःच चौकटीत सापडतो.

पहिली अडचण अगदीच किरकोळ होती. एका ओळीत बेचाळीस अक्षरं आणि एका वेळी फार तर दोन ओळी, हा सबटायटलचा रूढ दंडक. पण आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक मात्रा आणि पायमोडकं चिन्ह वेगळं मोजायचं. ‘स्त्रिया’ हा शब्द आपल्या डोळ्याला दोन अक्षरांचा, त्याच्या लेखी आठ. त्यामुळे निम्म्याहून अधिक ओळी लाल रंगात चमकू लागल्या. दोन दिवस इमानेइतबारे शब्द कापत बसलो. मग तो इशाराच बंद केला आणि ओळ मोठ्यानं वाचून सेकंद मोजू लागलो. हे आधीच सुचायला हवं होतं.

‘घेट्टो’ला मराठी शब्द शोधू नये, हे मात्र लवकर ठरलं. गटातल्या एकानं ‘गावकुसाबाहेरची वस्ती’ सुचवलं होतं. त्या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे आणि तो उसना घेण्यासारखा नाही. शिवाय इथे भिंत होती ती शहराच्या आत, आणि तिच्याआड चार लाखांहून जास्त माणसं कोंडलेली. दुसरीकडे मी स्वतःच घसरलो. घेट्टोतल्या ज्यू परिषदेचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकुफ यांची रोजनिशी माहितीपटात वाचली जाते. पथक त्यांच्या कचेरीत आलं तेव्हा नऊ फाट्यांचं मेणबत्तीचं झाड टेबलावर ठेवून सगळ्या मेणबत्त्या पेटवल्या, अशी त्यात नोंद आहे. मी सरळ ‘समई’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि खोडलं.

रोजनिशीच्या मजकुरात आणखी एक अडचण येते. इंग्रजीतला ‘मी’ बाई की पुरुष, हे कळत नाही, आणि मराठी तर ‘गेलो’ की ‘गेले’ विचारल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. प्रत्येक उताऱ्याचा लेखक कोण, ते आधी शोधावं लागलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला विली विस्टनं. पथकातला हा एक कॅमेरामन. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी पश्चिम जर्मनीत त्याची जबानी झाली. माहितीपटात ती र्यूडिगर फोग्लर हा नट उभी करतो. ओळी कोरड्या, चौकशीच्या. म्हटलं, हे सोपं. भराभर लिहीत गेलो: ‘चित्रीकरण करण्यात आलं’, ‘लोकांना एकत्र आणण्यात आलं’, ‘सूचना देण्यात आल्या होत्या’. सरकारी मराठी हाताला इतकी सवयीची की कुठे अडखळलोही नाही. आठवड्यानं पुन्हा तपासताना लक्षात आलं, मूळ वाक्यात जिथे ‘आम्ही’ होतं तिथेही माझ्या मराठीतून तो कर्ता गळाला होता. विस्ट जेवढं कबूल करतो तेवढंही मी त्याला करू देत नव्हतो. सगळी जबानी पहिल्यापासून लिहिली. तो ‘आम्ही’ म्हणतो तिथे ‘आम्ही’, ‘मी’ म्हणतो तिथे ‘मी’, आणि तो स्वतः टाळतो तिथेच ‘करण्यात आलं’. ओळी लांबल्या, पण त्या लांबू दिल्या.

घेट्टोतून वाचलेली काही म्हातारी माणसं अंधाऱ्या सभागृहात ही रिळं बघतात, तो भाग मी शेवटाला ठेवला होता. ओळखीचं कुणी दिसलं तर, ही धास्ती त्यांच्या बोलण्यात येते. अनुवाद अवघड नव्हता. पण माझ्या ओळी पडद्याच्या तळाशी, आणि फूटपाथवर पडलेली माणसंही नेमकी तिथेच. पहिल्यांदा लावून बघितलं तेव्हा एका चेहऱ्यावर माझं पूर्णविरामासकट वाक्य बसलं होतं. अशा जागा शोधून तिथल्या ओळी पडद्याच्या वर नेल्या. सबटायटलच्या फायलीत त्यासाठी ओळीच्या सुरुवातीला एक छोटा संकेत टाकता येतो, एवढंच. या कामात रिळं मूक आहेत हेही विसरायला होतं. माहितीपटात त्यांच्यावर अधूनमधून आवाज चढवलेले आहेत, तिथे कंसात ‘(पावलांचा आवाज)’ लिहिण्याचा मोह आवरला. तो आवाज त्या रस्त्यावरचा नाहीच.

रंगीत तालमीला पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं टिकतील अशा संकेतपद्धतीत, जतन करायची राहिली होती. पाच मिनिटांचं काम, पण त्या पाच मिनिटांत घाम फुटला.

प्रयोगाच्या आधी दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तारखाच सांगितल्या: चित्रीकरण २ जूनच्या सुमारास थांबलं. २२ जुलैला त्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. २३ जुलैला चेर्न्याकुफ यांनी आत्महत्या केली. सप्टेंबरपर्यंत सुमारे २,६५,००० माणसं त्या गाड्यांतून गेली. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या गर्दीतली बहुतेक.

नंतर एक काका भेटले. ओळी सारख्या वर-खाली उड्या मारत होत्या, मान दुखली, म्हणाले. घरी येऊन पुन्हा पाहिलं. दोन ठिकाणी खरंच गरज नव्हती, तिथल्या खाली आणल्या. बाकीच्या वरच आहेत.