दोन आणि तीनच्या मधे

रेफरी पोटावर आडवा होतो, खांदे टेकलेत का ते खाली वाकून बघतो आणि चटईवर हात आपटतो. एक. दोन. तिसऱ्यांदा हात वर जातो, खाली येऊ लागतो, आणि चटई चार बोटांवर राहिलेली असताना खालच्याचा खांदा उसळतो. अख्खं स्टेडियम 'टू!' म्हणून ओरडतं, आणि घरी टीव्हीपुढे बसलेला चाहता अर्धवट उभा राहिलेला असतो. निकाल आधीच ठरलाय हे त्याला पक्कं माहीत असतं. तो नेमका याच क्षणी लागणार की पुढच्या, एवढंच काय ते माहीत नसतं. दर सोमवारी रात्री अमेरिकेत चालणाऱ्या 'रॉ' या कुस्तीच्या कार्यक्रमाचा सगळा डोलारा या एवढ्याशा अज्ञानावर उभा आहे.

'अरे, पण ते खोटं असतं ना?' हा प्रश्न मुरलेल्या चाहत्याला आता झोंबतही नाही. विन्स मॅकमहनच्या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं होतं, की ही खरी स्पर्धा नाही, करमणूक आहे. क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करातून सुटका हवी होती म्हणून. म्हणजे गुपित उघड्यावर आलं ते कुणा शोधपत्रकारामुळे नव्हे, हिशेबामुळे. त्यानंतर चार वर्षांनी, ११ जानेवारी १९९३ ला, 'रॉ' सुरू झालं. प्रेक्षक सगळं जाणूनच आले आणि तरीही बोंबलू लागले.

ते कशावर बोंबलतात, हे मात्र बारकाईने बघण्यासारखं आहे. प्रत्येक पिनवर, म्हणजे खांदे टेकवून तिनापर्यंत मोजण्यावर, कोणी उठत नाही. लढत सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झालीत, साध्या सप्लेक्सवर, म्हणजे उचलून मागे आपटायच्या डावावर, पिन केलंय, तर ते सुटणार हे शेंबडं पोरही सांगेल. चाहत्याची नजर आधी पायाकडे जाते. वरच्याने खालच्याचा पाय नीट आवळून धरलाय का? नुसता छातीवर हात टाकून पडलाय, म्हणजे सुटका ठरलेली. मग दोरांकडे. पिन दोरापासून हातभर अंतरावर घेतलंय, म्हणजे पाय दोरावर जाऊन मोजणी तुटणार. मग घड्याळाकडे. आणि शेवटी फिनिशर लागलाय का, म्हणजे ज्याच्या-त्याच्या नावावर नोंदलेला तो हुकमी डाव. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं, कुणी शिकवलेलं नसतं, आणि इतकी छाननी करूनही जो फसतो तोच सर्वांत मोठ्याने ओरडतो. फसल्याचाच आनंद असतो तो.

म्हणूनच फिनिशरची उधळपट्टी झाली की चाहते करवादतात. एका मोठ्या लढतीत एकदा कोणी फिनिशरमधून सुटला तर अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदा टाळ्या पडतात. चौथ्यांदा लोक फोन काढतात, आणि नुकसान त्या रात्रीपुरतं राहत नाही. पुढच्या आठवड्यात तोच डाव बसला तरी कुणाला धसका वाटत नाही. याच्या उलट, फिनिशर खाल्लेला माणूस 'एक'वरच उठून बसला, तर ते वर्षातून एखाद्या वेळी करायचं काम आहे. आणि कधीकधी गणितच चुकतं. खालचा खरोखरच गरगरलेला असतो, खांदा उशिरा उचलतो. रेफरीने हात हवेत थांबवला तर लबाडी दिसते, आपटला तर निकाल बदलतो. त्याच्या कानात यंत्र असतं, किती वेळ उरलाय हे त्याला आतून सांगितलं जातं. पण या पाव सेकंदात कानातून मदत येत नाही. हात थांबला की दोन सेकंद शांतता पसरते आणि मग सगळा राग त्या पट्टेरी शर्टावर निघतो. फक्त त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीची खूण केली की जाणते लोक गप्प होतात. दुखापत खरी आहे, असा तिचा अर्थ. अर्थात हल्ली ती खूणही कधी कथेत वापरतात, त्यामुळे गप्प व्हायलाही जरा जपूनच व्हावं लागतं.

टीव्हीवरच्या लढतीचा साचा जाहिरातींनी ठरवलाय. सुरुवातीला भला रेसलर, म्हणजे फेस, वरचढ. तो वरच्या दोरांतून बाहेर उडी घेतो, प्रेक्षक खूश, जाहिरात. परत येऊन बघावं तर खलनायक, म्हणजे हील, त्याच्या मानेला विळखा घालून बसलेला. मधे काय झालं ते निवेदक एका वाक्यात उरकतो. हा विळखा दम खाण्यासाठी असतो आणि पुढचे डाव कानात कुजबुजण्यासाठीही. इथे टाळ्यांचा ठेका धरून फेसला उठवायचं, ही प्रेक्षकांची जबाबदारी. ठेका वाढतो, तो कोपराने दोन-तीन ठोसे देतो, सुटतो, धावतो, आणि पुन्हा आपटला जातो. पहिला उठाव नेहमी वायाच जायचा असतो. बघता बघता आणखी एक गोष्ट ध्यानात येते: हात पिरगाळायचा तर डावा, पाय मुरगाळायचा तर डावा. अमेरिकी परंपरेत काम डाव्या अंगावर होतं, मेक्सिकोत उजव्या. अनोळखी दोघे रिंगमध्ये भेटले तरी कुठल्या बाजूने धरायचं याचा घोळ होऊ नये, एवढ्यासाठी.

माझ्या मते या कार्यक्रमातली सर्वांत सुबक गोष्ट म्हणजे जोड्यांच्या लढतीतला हॉट टॅग. टॅग म्हणजे जोडीदाराच्या हाताला हात लावून त्याला आपल्या जागी आत घेणं. दोन फेसपैकी एक जण हीलच्या कोपऱ्यात अडकतो आणि सात-आठ मिनिटं मार खातो. दुसरा आपल्या कोपऱ्यात, खांबाला बांधलेली हातभर दोरी नियमाप्रमाणे मुठीत धरून, दुसरा हात लांबवून उभा. अडकलेला सरपटत येतो. बोटं बोटांना लागणार इतक्यात मागून घोटा ओढला जातो. पुन्हा सरपटणं. या वेळी हाताला हात लागतो, आपण हुश्श करतो, आणि रेफरी तेव्हा दुसऱ्या हीलशी वाद घालत पाठमोरा असतो. टॅग दिसला नाही, म्हणून अमान्य. हा अन्याय शेकडो वेळा बघितलेला असूनही माणूस रेफरीला शिव्या घालतोच. मग खरा टॅग होतो, ताज्या दमाचा गडी आत घुसतो, समोर येईल त्याला आडवा करतो. इथे जो गलका उठतो तो मोजून-मापून उठवलेला असतो: मार किती मिनिटं खाल्ला, हात किती वेळा हुकला, आणि टॅग आणखी एकदा लांबवायचा मोह कुणी आवरला. सगळी कसब या शेवटच्या कलमात आहे. एक हुकणं जास्त झालं की प्रेक्षक थंडावतात आणि आत आलेला गडी शांततेत उड्या मारत राहतो.

बाकी या कार्यक्रमाच्या जगाचे स्वतःचे कायदे आहेत आणि चाहते त्यांना प्रेमाने हसतात. करारावर सह्या करायच्या तर रिंगमध्ये टेबल मांडलं जातं. ते टेबल कार्यक्रम संपेपर्यंत धड राहिलं असं सहसा होत नाही. मागच्या खोलीत कट शिजत असतो आणि हातभर अंतरावरचा कॅमेरावाला कुणालाच दिसत नाही. रेसलर टीव्ही बघतात ते टीव्हीच्या बाजूला, कडेने उभं राहून. समोर उभे राहिले तर आपल्याला त्यांची पाठ दिसेल. हे सगळं चालतं. चालत नाही ते दुसरंच: लढत रंगात आली असताना तिसऱ्याच कुणाचं प्रवेशसंगीत वाजणं, फेसने मान वळवून तिकडे बघणं आणि मागून गुंडाळला जाऊन हरणं. पराभूताची लाज राखायची म्हणून लेखक ही पळवाट काढतात. पण दर आठवड्याला काढली, की संगीत वाजल्यावर वळून बघणारा माणूस मूर्ख ठरतो, आणि मूर्खाच्या पाठीशी कोण उभं राहणार?

रेसलरची झोप उडते ती हुर्योने नव्हे, शांततेने. हीलला हुर्यो म्हणजे पगाराची पावती. मार्च २०२० मध्ये हे सगळ्यांनाच कळलं. साथीमुळे ऑरलँडोच्या प्रशिक्षण केंद्रात रिकाम्या खुर्च्यांपुढे लढती झाल्या. छातीवर बसलेली चापट घुमत होती, सुपरकिकच्या, म्हणजे जबड्यावरच्या लाथेच्या, वेळी स्वतःच्या मांडीवर मारलेली थाप वेगळी ऐकू येत होती, पडल्यावरचं कण्हणं उघडं पडत होतं. नायक दोरांवर चढून हात उंचावायचा आणि समोर कोणी नसायचं. ऑगस्टमध्ये भिंतभर पडदे लावून घरोघरच्या प्रेक्षकांचे चेहरे त्यावर आणले, आवाज मात्र यंत्रातून सोडला. चेहरे आणि आवाज जुळेनात. जुलै २०२१ मध्ये ह्यूस्टनला खरी माणसं परतली, तेव्हा कोण जिंकलं याची फारशी कुणाला पर्वाच नव्हती.

संहितेत न लिहिलेली एकच गोष्ट या कार्यक्रमात असते, ती म्हणजे हा आवाज. आणि तो कधीकधी संहितेला वाकवतो. २६ जानेवारी २०१४ ची रॉयल रंबल घ्या, म्हणजे एकामागून एक तीस जण रिंगमध्ये उतरतात ती लढत. लोकांना डॅनियल ब्रायन हवा होता. तिसावा, शेवटचा स्पर्धक म्हणून रे मिस्टेरिओ आला. त्याच्यावर कुणाचा काय राग असणार! पण ब्रायनची आशा त्याच्या संगीताबरोबर संपली, म्हणून त्या बिचाऱ्याची हुर्यो झाली. जिंकलेल्या बटिस्टाची तर त्याहून जास्त. ६ एप्रिलला रेसलमेनिया ३० मध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, ब्रायनने त्याच बटिस्टाला शरण आणून विजेतेपद घेतलं. पाच वर्षांनी दुखापतग्रस्त मुस्तफा अलीच्या जागी आयत्या वेळी कोफी किंग्स्टन आला, एका रात्री तासाभराहून अधिक लढला, आणि लोकांनी त्याला उचलून धरलं. एप्रिल २०१९ मध्ये त्याने ज्याला हरवून विजेतेपद मिळवलं तो ब्रायनच, आता हील झालेला. २०२४ मध्ये विजेत्या रोमन रेन्सविरुद्धच्या लढतीत द रॉकने कोडी ऱ्होड्सची जागा घेतल्याचं दिसताच पुन्हा तोच ओरडा झाला, आणि रेसलमेनिया ४० मध्ये रेन्सची १३१६ दिवसांची सद्दी कोडीनेच संपवली. आता अडचण अशी, की लोकांचा संतापही कथेत धरून चालायला लेखक शिकलेत. आपण मनापासून चिडलोय की चिडवले गेलोय, हे चाहत्याला सांगता येत नाही.

अर्थात प्रेक्षकही काही साधुसंत नाहीत. २००१ मध्ये 'स्टोन कोल्ड' स्टीव्ह ऑस्टिन या रेसलरने 'व्हॉट?' विचारायची खोड लावली. आजतागायत कुणी भाषणात श्वास घेतला की लोक ते मधे घुसवतात. ज्यांना माइक कळतो ते वाक्यं लांब करतात आणि थांबायची जागा सतत बदलतात, नवखे मात्र ठेक्यात सापडतात. सर्वांत वाईट वेळ असायची तिसऱ्या तासाची. जुलै २०१२ मध्ये, हजाराव्या भागापासून, 'रॉ' तीन तासांचं झालं, २०२४ पर्यंत तसंच राहिलं, आणि त्या काळात सव्वादोन तासांनंतर स्टेडियमचा घसा बसायचा. तिथे चांगल्या लढतीलाही जांभया मिळायच्या, आणि घरी बसलेल्याला वाटायचं की लढतच रटाळ आहे. आवाजावरून दर्जा ठरवायची सवय लागली की असं होतं.

मोठ्या कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या भागाचा एक जुना आडाखा आहे: आज जो विजेतेपदाचा बेल्ट उंचावून शेवटी उभा राहील, तो त्या मोठ्या कार्यक्रमात हरेल. तो इतक्या वेळा खरा ठरतो, की आपला लाडका शेवटी उभा दिसला की चाहत्याच्या पोटात गोळा येतो. मग तो पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघतो. तिथे कंपनीचं बोधचिन्ह आणि मालकीहक्काची ओळ उमटली की भाग संपला. उमटली नसेल तर कोणीतरी अजून धावत यायचंय. या खुणेवर सगळ्यांचा विश्वास होता. २० मे २०१७ ला शिकागोत एनएक्सटी या कंपनीच्याच नवोदितांच्या शाखेच्या कार्यक्रमात जोडीचं विजेतेपद हुकलेले गार्गानो आणि चॅम्पा निरोप घेत होते, ती ओळ उमटली, लोक उठू लागले, आणि चॅम्पाने स्वतःच्याच जोडीदाराला धरून आपटलं. तेव्हापासून ओळ दिसली तरी जाणते चाहते पडदा पूर्ण काळा होईपर्यंत रिमोटला हात लावत नाहीत.