गनमनचं लायसन : माझा अनुभव

पलटणीतून पेन्शनवर आलो तेव्हा माजी सैनिकांच्या ग्रुपवर सारखी एकच जाहिरात फिरायची : ‘बँकेसाठी गनमन पाहिजे. स्वतःचं लायसन व बारा बोरची बंदूक असावी.’ पगार सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी देणार, गणवेशही तिचाच. बंदूक मात्र गड्याने आपली आणायची. उद्या ती हरवली तर पहिला जबाब ज्याच्या नावावर लायसन त्याचाच होणार, एजन्सी नामानिराळी.

आमच्याकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जाचा ए-१ नमुना, डॉक्टरचं शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत. एवढं सहज जमलं.

अडलं ते ‘कारण’ या रकान्यापाशी. गृह शाखेतल्या लिपिकाने विचारलं, “मेजर, जिवाला धोका कोणापासून?”

“कोणापासूनच नाही. नोकरी करायचीय.”

त्याने पेन खाली ठेवलं. लोक स्वसंरक्षण लिहितात, नाहीतर पीकसंरक्षण. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर दुसऱ्याची तिजोरी राखायची का, यावर साहेब लोक हरकत घेतात, असं त्यानेच सांगितलं. एजन्सीचा माणूस म्हणाला, “भावकीतल्या कुणाचं तरी नाव घाला, जमिनीच्या वादाचं.” मी साफ नकार दिला. चुकीची माहिती देऊन मिळवलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली रद्द होऊ शकतो. शिवाय चौकशीला बीट हवालदार त्याच भावकीच्या दारात जाणार! मी बँकेचं पत्र, एजन्सीचं नेमणूकपत्र आणि २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या तिच्या परवान्याची प्रत जोडली आणि सरळ लिहिलं : सशस्त्र सुरक्षारक्षकाची नोकरी.

पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत यावा, असं २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. पोलीस घरी आले, शेजाऱ्यांना विचारून गेले, कपाटाचं कुलूपसुद्धा बघितलं. तरी फाइल एका टेबलावर पावसाळाभर मुक्कामाला राहिली. प्रत्येक फेरीला जावक क्रमांक तेवढा मागून घ्यायचा. तो हातात असला की ‘फाइल सापडत नाही’ म्हणणं त्यांनाही जड जातं.

परवाना मिळाला तो पाच वर्षांचा. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीनच वर्षांचा असायचा. त्यावरचा यूआयएन, म्हणजे देशभरच्या नोंदीतला क्रमांक, आणि परवाना कुठल्या हद्दीत चालतो ते तिथेच उभं राहून वाचा. हद्द जिल्ह्यापुरती असेल तर शेजारच्या जिल्ह्यातली ड्युटी घेता येत नाही. बाहेरच्या राज्यातून ‘लायसन आणून देतो’ म्हणणारे दलालही भेटतात; जम्मू-काश्मीरच्या बनावट परवान्यांवर आपल्याकडे रक्षकाची नोकरी करणारे पकडले गेलेत.

दुकानातून डबल बॅरल घेतली, पोलीस ठाण्यात नोंद केली, ड्युटी सुरू झाली. आता निवडणूक आली की शस्त्रं ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. बँकेच्या रक्षकांना त्यातून सूट मागता येते, म्हणून बँकेकडून तसं पत्र आत्ताच मागून ठेवलंय.