हजेरीचे बक्षीस आणि झरोक्यातला पुठ्ठा

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक बक्षीस वर्षानुवर्षे ठरलेले आहे. वर्षभरात एकही दिवस गैरहजर न राहिलेल्या विद्यार्थ्याला पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र आणि कंपासपेटी मिळते. मी या शाळेत विज्ञान शिकवतो आणि ते बक्षीस घेणाऱ्या मुलांसाठी मीही मनापासून टाळ्या वाजवल्या आहेत. मात्र २०२१ च्या पावसाळ्यानंतर त्या टाळ्या वाजवताना माझा हात थोडा अडखळतो, कारण १०० टक्के हजेरी लावणाऱ्या मुलाला वर्षभरात एकदाही ताप आला नसेल यावर माझा विश्वास नाही. ताप अंगात घेऊन ते मूल वर्गात बसले, आणि त्याबद्दल आपण त्याला कंपासपेटी दिली, असाही त्या बक्षिसाचा अर्थ होतो.

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात १५ जुलै २०२१ रोजी आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले. ज्या गावात महिनाभर करोनाचा एकही रुग्ण आढळलेला नाही, तेथे आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास शासनाने तेव्हा परवानगी दिली होती. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, एका वर्गात १५ ते २० मुले, एका बाकावर एकच विद्यार्थी, दोन बाकांमध्ये सहा फुटांचे अंतर, अशा अटी त्या परिपत्रकात होत्या. आम्ही त्या अक्षरशः पाळल्या. पट्टी घेऊन बाकांमधले अंतर मोजले, दारात तापमान मोजण्याची बंदूक घेऊन शिपाईमामांना उभे केले, सॅनिटायझरचे कॅन आणले आणि रोज सकाळी बाके फवारली. या सगळ्या धांदलीत वर्गाच्या खिडक्यांकडे पहिले काही दिवस कोणाचेही लक्ष गेले नाही, माझेसुद्धा नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने हे कबूल करणे लाजिरवाणे आहे, पण तसे झाले खरे.

नववीच्या वर्गाला खिडक्या चार. त्यांपैकी एकीसमोर लोखंडी कपाट होते, दुसरीची झडप रंगाने चौकटीला चिकटून बसलेली होती आणि उरलेल्या दोन्ही पावसाच्या बाजूला असल्यामुळे जुलैभर बंद राहत. दाराच्या वर हवेसाठी ठेवलेला झरोका होता, पण पारवे आत येऊन घाण करतात म्हणून कोणी तरी त्यात पुठ्ठा ठोकून बसवला होता. म्हणजे सहा फुटांवर बसवलेली ती २० मुले एकाच बंद खोलीतली तीच ती हवा तासन्‌तास घेत होती. करोनाचा विषाणू बोलताना आणि श्वास सोडताना बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर स्वार होऊन हवेत तरंगत राहू शकतो, हे तोपर्यंत पुरेसे स्पष्ट झालेले होते. तशा रोगापुढे फवारलेल्या बाकाचा उपयोग फार थोडा.

हे मुलांना पटवून देण्यासाठी मी फळ्यावर एक साधा हिशेब मांडत असे. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४०० असते आणि आपण सोडलेल्या श्वासात ते सुमारे ४० हजार असते. एखाद्या वर्गात हा आकडा १२०० वर पोहोचला, तर वाढलेले ८०० भाग माणसांच्या श्वासातूनच आलेले असणार, आणि ८०० म्हणजे ४० हजारांचे दोन टक्के. याचा अर्थ त्या वर्गातल्या प्रत्येक ५० श्वासांपैकी एक श्वास कोणाच्या तरी फुफ्फुसातून जाऊन आलेला आहे. एका मुलीने लगेच विचारले, "सर, मग माझा कोणाकडे गेला?" वर्ग हसला, पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत कपाट हलवायला दहा जण धावून आले. चिकटलेली झडप सुताराने तासाभरात मोकळी केली. झरोक्यातला पुठ्ठा मी स्वतः बाकावर चढून काढला. पावसाच्या बाजूची एक खिडकी निम्मी उघडी ठेवायची आणि आत झडणाऱ्या पाण्यापुढे पोते अंथरायचे, असे ठरले. सरी नसतील तेव्हा परिपाठ आणि पहिला तास वडाच्या पारावर घेऊ लागलो. या सगळ्याचा खर्च सॅनिटायझरच्या एका कॅनपेक्षाही कमी आला असावा.

हवेपेक्षा कठीण प्रश्न हजेरीचा होता. दारातली तापमानाची बंदूक ताप पकडते हे खरे, पण पावसात भिजत दोन किलोमीटर चालत आलेल्या मुलाच्या थंडगार कपाळावर ती काहीही दाखवते. शिवाय ताप येण्याआधीच या रोगाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ लागतो. खरी तपासणी सकाळी घरात होते. घसा दुखतोय, अंग मोडून आले आहे, हे आईला कळते, आणि त्या क्षणी मुलाला घरी ठेवायचे की पाठवायचे हे तीच ठरवते. ती काय ठरवेल, हे आपण गैरहजेरीची किंमत किती लावली आहे यावर अवलंबून असते. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट असते आणि घटक चाचणी बुडाली तर गुण जातात. मजुरीला जाणाऱ्या आईसाठी घरी राहिलेले मूल म्हणजे एका दिवसाचा खाडा असतो. त्या सगळ्यावर आम्ही कंपासपेटी ठेवलेली.

म्हणून त्या वर्षी आम्ही हजेरीपटात एक छोटा बदल केला. पालकाने फोनवर किंवा शेजारच्या मुलाकरवी "आजारी आहे" एवढा निरोप दिला की त्या दिवसाची गैरहजेरी वेगळ्या खुणेने नोंदवायची, बुडालेली चाचणी पुन्हा घ्यायची आणि गृहपाठाची वही त्याच वाडीवरच्या मुलाबरोबर घरी पोहोचवायची. डॉक्टरचा दाखला मागायचा नाही, कारण दाखल्यासाठी तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे आणि दिवस दोन्ही जातात. काही सहकाऱ्यांना वाटले की मुले याचा गैरफायदा घेतील. थोड्यांनी घेतलाही. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत आजारी मुलांची संख्या अचानक वाढली, हे मी नाकारत नाही. पण खोटे आजारी घरी राहिले म्हणून कोणाला संसर्ग होत नाही.

असाच विचार शंभर वर्षांपूर्वीही झालेला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्कने त्या चालू ठेवल्या. तेथील आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचे म्हणणे असे होते की शहरातली सुमारे दहा लाख शाळकरी मुले बहुसंख्येने दाटीवाटीच्या कोंदट चाळींमध्ये राहतात. त्यांना मोठ्या, हवेशीर वर्गांतून काढून तिकडे पाठवण्यात काहीच शहाणपण नाही. त्या शहरात शाळेतल्या वैद्यकीय तपासणीची व्यवस्था साथीच्या आधीपासून उभी होती, आणि ती उभी करण्यात सारा जोसेफीन बेकर या डॉक्टर बाईंचा मोठा वाटा होता. मुलाने शाळेबाहेर घोळका न करता थेट वर्गात जायचे, शिक्षकाने रोज प्रत्येकाकडे निरखून पाहायचे आणि लक्षणे दिसणाऱ्याला लगेच बाजूला काढायचे, अशी ती पद्धत होती. न्यूयॉर्कमधील मृत्यूचे प्रमाण बोस्टन आणि फिलाडेल्फियापेक्षा कमी राहिले. ते केवळ शाळांमुळे राहिले असे म्हणता येणार नाही, कारण दुकाने व कचेऱ्यांच्या वेळाही तेथे विभागल्या होत्या. पण रोगाआधी उभी असलेली व्यवस्थाच रोग आल्यावर उपयोगी पडते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आपल्याकडे निर्णयाचा क्रमही मला तेव्हा उलटा वाटला आणि आजही वाटतो. जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी सांगितले होते की लहान मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगल्या प्रकारे हाताळतात, म्हणून उघडायच्याच तर प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच धाकट्या मुलांपासून सुरुवात केली होती. मुलांचे छोटे, न बदलणारे गट केले होते आणि जमेल तेवढे वर्ग उघड्यावर नेले होते. आपण मात्र वरच्या वर्गांपासून खाली आलो. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले, आणि पहिली ते चौथीच्या खेड्यातल्या मुलांना १ डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल शाळेत परतले तेव्हा कागदावर तिसरीत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये देशातल्या १५ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब कुटुंबांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली होती, महाराष्ट्रही त्यात होता. खेड्यांतली फक्त ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत असल्याचे तिच्यात आढळले. आमच्या गावात जाऊन कोणी विचारले असते तर याहून वेगळे उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही.

शाळा कधीच बंद करू नयेत असे माझे म्हणणे नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये तालुक्याच्या रुग्णालयात प्राणवायूसाठी रांगा होत्या आणि आमच्या घरासमोरच्या बोळातून आठवड्यात तीन तिरड्या गेल्या. त्या दिवसांत वर्ग भरवणे हा वेडेपणा ठरला असता. पण जानेवारी २०२२ मधल्या निर्णयाचे समर्थन मला करता येत नाही. ओमायक्रॉन पसरू लागला तेव्हा उपाहारगृहे आणि चित्रपटगृहे निम्म्या क्षमतेने चालू राहिली, आणि शाळा मात्र १० तारखेपासून राज्यभर बंद झाल्या. ज्या गावात रुग्ण होते तेथेही आणि ज्या गावात नव्हते तेथेही. खिडक्या उघडलेल्या, हजेरीची सवय बदललेल्या आमच्या शाळेला आणि काहीच न केलेल्या शाळेला एकच कुलूप लागले. दोन आठवड्यांनी, २४ जानेवारीपासून, निर्णय स्थानिक प्रशासनाकडे सोपवून शाळा पुन्हा उघडण्याची मुभा मिळाली. तो अधिकार आधीच स्थानिक पातळीवर असता तर ते दोन आठवडेही वाचले असते. दिवसांचा हिशेब करणाऱ्याला दोन आठवडे किरकोळ वाटतील. आमच्या दहावीच्या वर्गातल्या दोन मुली मात्र त्यानंतर परतल्या नाहीत. एकीच्या घरी लग्नाची बोलणी झाली होती आणि दुसरी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती.

त्यानंतरही साथी येतच राहिल्या, आणि प्रत्येकीची वाट वेगळी होती. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवर पसरला. त्याचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीतल्या हवेत टिकतो, त्यामुळे उघडी खिडकी तेथे मदत करते, पण खरे काम लसीच्या दोन मात्राच करतात. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आळंदीसह राज्यात ठिकठिकाणी होती. त्यात मुख्य दोष हातांचा आणि घराघरात चालणाऱ्या एकाच टॉवेलचा, आणि त्या वेळी आमच्या शाळेला साबण खिडक्यांपेक्षा महत्त्वाचा वाटला. तेव्हा आम्हाला कोणी परिपत्रक पाठवण्याची वाट पाहावी लागली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करून हा रोग कोणत्या वाटेने जातो एवढेच विचारले, नळाला साबणाच्या जाळीच्या पिशव्या बांधल्या आणि लाल डोळ्यांच्या मुलांना वेगळ्या खुणेच्या हजेरीवर घरी ठेवले. एकही दिवस शाळा बंद राहिली नाही.

हजेरीचे बक्षीस अजूनही आहे. शिक्षकांच्या बैठकीत मी ते बंद करण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले की बक्षीस देणाऱ्या कुटुंबाची ती परंपरा आहे. शेवटी तडजोड अशी झाली की आजाराच्या खुणेचे दिवस गैरहजेरीत धरायचे नाहीत. गेल्या वर्षी ते एका अशा मुलाला मिळाले, ज्याच्या नावासमोर कांजिण्यांच्या नऊ वेगळ्या खुणा होत्या. काही पालकांना हे मुळीच पटलेले नाही.

नववीच्या झरोक्यात मात्र पुन्हा पुठ्ठा बसला आहे. पारव्यांनी दोन घरटी केली होती आणि मुलांच्या वह्यांवर रोज घाण पडत होती, त्यामुळे मीही विरोध केला नाही. तेथे बारीक तारेची जाळी लावायला हवी. वर्गागणिक एक, अशा सात जाळ्यांचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी लिहून दिला आहे, मैदानाच्या कुंपणाच्या विषयाखाली.