सदतिसावा रुमाल

आमच्या ट्रंकेत आजीनं विणलेले क्रोशाचे ३७ रुमाल आहेत आणि त्यातल्या ३६ रुमालांचा पत्ता मला पाठ आहे. पत्ता म्हणजे तो रुमाल जुन्या घरात कुठं राहायचा, ते.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं घर गेल्या वर्षी बिल्डरला दिलं. तांब्या-पितळेची भांडी भावानं घेतली, पाट चुलतभावानं नेले, आणि ट्रंक कुणालाच नको होती म्हणून माझ्याकडं आली. कुलूप उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला, वर्तमानपत्राचा पिवळा कागद निघाला आणि त्याखाली हे सगळे घड्या घालून बसलेले. बायको म्हणाली, "छान आहेत हो. पण घालायचे कशावर?"

खरंच, घालायचे कशावर? आमच्या फ्लॅटमध्ये कशालाच माथा नाही. टीव्ही भिंतीला चिकटलेला, फोन खिशात, रेडिओ नाही, शोकेस नाही. क्रोशाच्या रुमालाला बसायला जागा लागते हो. बूड असलेल्या वस्तू गेल्या आणि हे लोक बेघर झाले.

म्हणून एका रविवारी मी सगळे रुमाल पलंगावर मांडले. बघता बघता जुनं घरच उभं राहिलं. ती हातभर लांब पट्टी शोकेसच्या मधल्या फळीची, तिच्या कंगोऱ्यांच्या मागं स्टीलचे पेले उभे असायचे. काठाला निळे मणी लावलेले चार छोटे गोल, ते दुधाच्या आणि पाण्याच्या भांड्यांवरचे. मण्यांच्या वजनानं ते वाऱ्यानं उडत नसत, आणि झाकण उचललं की मणी भांड्याला किणकिण लागायचे. मांजराला तो आवाज आमच्याआधी कळायचा. चौकोनी, तो फोनच्या स्टुलाचा. त्याच्या एका कोपऱ्याला बॉलपेनची शाई आहे, कारण नंबर लिहायला कागद कधीच सापडायचा नाही. अर्धगोलाकार महिरप भाऊबिजेच्या ताटाभोवतीची. आणि सगळ्यांत मोठा, अननसाच्या डिझाइनचा, तो टीव्हीवरचा.

त्या टीव्हीवरच्या रुमालानं आम्हाला फार छळलं. टीव्ही आला ८७ साली, सरकत्या लाकडी शटरचा. आजीनं महिनाभर खपून रुमाल केला तो असा, की त्याचं एक टोक बरोबर पडद्यावर लोंबायचं. "टोक दिसलं पायजे, न्हाईतर इनलं कशाला?" बातम्या देणाऱ्या बाईंच्या कपाळावर कायम एक अननस. मागच्या बाजूनं रुमाल जाळीवर पडायचा, टीव्ही तापायचा, आणि दुरुस्तीला आलेला माणूस दरवेळी तेच सांगायचा, "आजी, ह्याला हवा लागती." आजी मान डोलवायची, तो जिना उतरला की रुमाल परत जाग्यावर.

आमच्या घरात क्रोशा म्हणजे सुईही, कामही आणि झालेली वस्तूही. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'छोटा आकडा'. आजीची सुई स्टीलची, गुळगुळीत, टोकाला भाताच्या कणीएवढा आकडा. धरायच्या जागी तिला काळं रबर बसवलेलं होतं. ते आबांनी, म्हणजे आजोबांनी बसवलेलं, सायकलीच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा दोन बोटं लांबीचा तुकडा. जुन्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर चढवायची ती बारीक रबरी नळी त्या सुईच्या मापाची निघते, हे कुणाला आणि कसं सुचलं असेल याचं मला लहानपणी फार आश्चर्य वाटायचं. आबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. बोलायला कमी. त्यांनी आजीला काही दिलंय आणि ते दिसतंय, असं घरात एवढंच होतं.

वाकळ आणि क्रोशा यांत आजी पक्का भेद करायची. वाकळ म्हणजे जुनी लुगडी, जुनी धोतरं थरावर थर घालून शिवलेली. ती तिच्या आईकडून आलेली, थंडीची गरज. क्रोशाला मात्र दोरा विकत आणावा लागायचा, महाद्वार रोडवरून, आणि तोही घरखर्चातून वाचवून. म्हणून दोऱ्याचा गुंडा डब्यात, डबा फडताळात, फडताळाची किल्ली कमरेला. आणि दोरा नेहमी पांढरा. फार तर मोतिया. आईनं एकदा गुलाबी आणला तर आजीनं तो तसाच परत करायला लावला. का, विचारलं की एकच उत्तर, "रंगाचा भरवसा नसतोय."

माझा ह्या प्रकाराशी संबंध आला तो सहावीच्या मे महिन्यात. आंब्यावरून पडलो आणि पाय प्लास्टरात गेला. दीड महिना जाग्यावर. तिसऱ्या दिवशी माझी किरकिर ऐकून आजीनं सुई हातात दिली. सहा साखळ्या घालायच्या, पहिल्या साखळीत जोडून गोल करायचा. त्या गोलात बारा खांब, म्हणजे उभे टाके. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे चोवीस. त्याच्या पुढं एकाआड एक दोन, म्हणजे छत्तीस. दर फेरीला बारा वाढले पाहिजेत. बारा वाढले तर रुमाल ताटासारखा सपाट बसतो.

मी तिसऱ्या फेरीला वाढवायचं विसरलो. चौथीलाही. काठ वर आले आणि रुमालाची वाटी झाली. आजीनं ती उसवली नाही, देवघरातल्या रांगत्या बाळकृष्णाच्या डोक्यावर घातली. बरोबर बसली. पुढची कितीतरी वर्षं गोकुळाष्टमीला देवाला माझी चूक घालायचे.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला आणि दिसेल त्या खांबात दोन-दोन, तीन-तीन खांब घातले. आता काठाला जागाच पुरेना. रुमाल उंच-सखल होऊन चुणीचुणीनं उभा राहिला. "कोबी झाला की रं," आजी म्हणाली. तो कोबी मात्र तिनं उसवला, कारण दोरा बराच गेला होता. पुढं केव्हातरी वाचनात आलं, की १९९७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना नावाच्या गणिताच्या बाईंनी मुद्दाम असा कोबी विणला. भूमितीतला एक पृष्ठभाग असा असतो, की त्यावर कडेकडेला जागा वाढतच जाते. तो कागदाचा करायला गेलं की फाटतो. दर ठरावीक खांबांमागं एक खांब वाढवत नेला की क्रोशात तो अलगद उतरतो, आणि विद्यार्थ्यांना हातात घेऊन वाकवून बघता येतो. माझा कोबी ठेवला असता तर आज निदान सांगायला झालं असतं.

तालमीतली पोरं खिडकीत आली की मी सुई उशीखाली सरकवायचो. मंगळवार पेठेत सहावीतलं पोर रुमाल विणतंय हे बाहेर कळणं परवडणारं नव्हतं. आबा एकदा अडतीवरून अचानक लवकर आले आणि मी सापडलो. वाटलं, आता बोलणार. त्यांनी माझ्या हातातलं काम बघितलं, मग आजीकडं बघितलं, आणि म्हणाले, "असू दे. चांगलं असतंय ते." मग टोपी खुंटीला अडकवून पाय धुवायला गेले. हे वाक्य आजीसाठी होतं असं मला तेव्हाच वाटलं होतं.

इचलकरंजीचे मामा एकदा आले होते. त्यांचे स्वतःचे यंत्रमाग. त्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, हे ते स्वतः तिथं हजर असल्यासारखं सांगायचे. आजीचे रुमाल बघून म्हणाले, "एवढं डोळं फोडत बसताय व्हय? डिझाइन द्या, मागावर शेकड्यानं काढून देतो." आजीनं अननसाचा रुमाल पुढं केला, "काढा." मामांनी तो उजेडात धरला, उलटा केला, बोटांनी ताणला. मागावर ताण्याचे शेकडो धागे उभे आणि बाण्याचा एक आडवा, धोटा इकडून तिकडं. इथं सगळा रुमाल एकाच दोऱ्याचा, सुईवर जिवंत फास एकच, आणि तो फास मागच्या कुठल्या भोकात शिरेल ते बाईच्या मनावर. मामा चहा पिऊन गेले. खरा क्रोशा विणणारं यंत्र आजही बाजारात नाही. लेस काढणारी यंत्रं आहेत, लोकरीचे स्वेटर विणणारी तर घरोघर होती, पण क्रोशा अजून हातावरच आहे. बाजारात शंभर-दीडशेला रुमाल मिळतो तेव्हा मला त्याच्या स्वस्ताईचं कौतुक वाटत नाही, कारण तोही कुणीतरी बसून विणलेलाच असतो.

आईचे क्रोशे वेगळे ठेवलेत. ते रुखवतातले. आजीचा हात घट्ट, आईचा सैल. एकाच डिझाइनचे दोघींचे रुमाल एकमेकांवर ठेवले तर आईचा चारी बाजूंनी बोटभर मोठा भरतो. ह्या बोटभर फरकावर दोघींनी वीस वर्षं काढली. आजी म्हणायची, "तुझ्या जाळीतनं मांजर जाईल." आई माघारी म्हणायची, तुमचा रुमाल पाण्यावर घातला तर पाणी गुदमरेल. पण खळ घालायच्या दिवशी दोघी एक. साबुदाण्याची पातळ खळ करायची, त्यात किंचित नीळ, रुमाल बुडवून पिळायचे नाहीत, नुसते दाबायचे, आणि गच्चीवर गादी टाकून तिच्यावर एकेक टोक टाचणीनं ताणून वाळवायचं. एका रुमालाला चाळीसेक टाचण्या. संध्याकाळी टाचण्या काढल्या की रुमाल पापडासारखा कडक उचलला जायचा.

आरामखुर्चीच्या पाठीचे दोन रुमाल आहेत, त्यांवर तेलकट पिवळी छाया अजून आहे. आबांच्या खोबरेलाची. ह्यात आबा एकटे नव्हते. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले पुरुष डोक्याला मकासर नावाचं तेल चोपडायचे, इंडोनेशियातल्या बंदराच्या नावावर खपणारं. खुर्च्या खराब व्हायला लागल्या म्हणून तिथल्या बायकांनी पाठीला विणलेली कापडं टाकली आणि त्यांना नावच पडलं 'अँटिमकासर'. एवढ्या नाजूक कामाचं नाव तेलाशी उभ्या दाव्यावरून पडावं, हे मला आवडतं.

असे सगळे ३६ लागले. उरला एक.

तो कोयरीसारखा आहे. पुढं निमुळता, मागं पसरट, आणि सपाट नाही, काठ खाली वळलेले. काठाला आठ-दहा छोटे फास, नाडी ओवायला असावेत तसे. आणि सबंध ट्रंकेत ह्या एकाच तुकड्याला लाल दोऱ्याचा काठ. त्यातला लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात ढगासारखा पसरलेला. हात आजीचाच, घट्ट.

फोटो घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. उत्तरं आली ती अशी : देवीच्या मुखवट्यामागची प्रभावळ. रुखवतातली कोयरी. टेबलफॅनच्या मोटरीचं झाकण. पुण्याच्या चुलतभावानं लिहिलं, बहुतेक पोपटाच्या पिंजऱ्याचं. आमच्याकडं पोपट कधीच नव्हता.

ललिता पंचमीला आत्ती आली. ती निपाणीहून दरवर्षी येते, त्र्यंबोलीच्या टेकडीवर देवीपुढं कोहळा फोडतात त्याला जाते आणि संध्याकाळी पाय चेपत माझ्याकडं चहाला बसते. वय ऐंशीच्या पुढं. मी तो तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं चष्मा वर केला, तुकडा पालथा केला, आत मूठ घातली आणि मूठ वर धरून हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"अरं, ही आबांच्या सायकलीची शीट!"

मग तिनं सांगितलं. आबांनी नवी सायकल घेतली, तेव्हा आत्ती सात-आठ वर्षांची. पेठेतल्या सगळ्या सायकलींच्या सीटला गोंड्यांची मखमली कव्हरं. आजी म्हणाली, विकतचं कशाला, मी करतो. पांढरं केलं, आणि नव्या सायकलीला जरा शोभा म्हणून काठाला लाल. आबा काही बोलले नाहीत. रोज सकाळी दारातून त्याच सीटवर बसून निघायचे. "आणि पापाच्या तिकटीला पोचलं की उतरून कव्हर काढून खिशात. येताना परत तिथंच थांबून घालायचं. मी बघितलंय ना, शाळंच्या वाटंवर. घरात सांगितलं न्हाई मी कुणाला."

"मग हा डाग?"

"त्या दिवशी काढायचं राहिलं." खासबागेत कुस्त्या होत्या. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान, जोड मोठी, गर्दी तुफान, आबा गडबडीत. वाटेत वळीव आला. सीट भिजली, आबाही भिजले, तसेच आत जाऊन पुढं उभे राहिले. पांढराधोट लेंगा आणि मागं लाल कोयरी, अख्खी. मागं पायऱ्यांवर तालमीचे सगळे. "पयल्यांदा एक हसला, मग सगळं मैदान. आबांना वाटलं पैलवान पडला."

घरी आले, लेंगा आजीच्या हातात दिला. ते एक अक्षर बोलले नाहीत. आजीनंही काही विचारलं नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी आबा सायकल पंक्चरला घेऊन गेले आणि येताना व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा घेऊन आले. आजीची सुई मागितली, चुलीपाशी बसून रबर कोमट केलं आणि सुईवर चढवून दिलं.

आत्ती दुसऱ्या दिवशी निपाणीला गेली. रात्री मी ती सीट चिरंजीवांच्या गिअरवाल्या सायकलीवर चढवून बघितली. टोक बरोबर बसलं, मागं मात्र कव्हर ढगळ पडलं. आता सायकलीची सीटसुद्धा अरुंद झाली आहे. मग स्वयंपाकघरात आलो, बशीत पाणी घेतलं आणि लाल काठाचा एक कोपरा पाच मिनिटं बुडवून ठेवला.

पाणी गुलाबी झालं.