वडिलांच्या रकान्यात काहीच नव्हतं

बाळाला जन्मापासून फोड येत होते. डायपरची कड घासली तिथे फोड, दुधाची बाटली टेकली तिथे ओठावर फोड. एका पायाची कातडी तर जन्मतःच घोट्यापर्यंत सोललेली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी बायोप्सी केली, त्यात सातव्या प्रकारचं कोलॅजेन हे प्रथिन जवळजवळ दिसलंच नाही. म्हणजे एपिडर्मोलिसिस बुलोसा हा त्वचेचा आनुवंशिक आजार, आम्ही ज्याला नुसतं ईबी म्हणतो, त्यातला डिस्ट्रॉफिक प्रकार. नेमकं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, शोधायला नमुने आमच्या जनुकीय प्रयोगशाळेत आले. रिपोर्टवर सही माझी असते आणि तो आईवडिलांना समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच.

ईबी हा एकच आजार नाही. केरॅटिन 5 किंवा 14 या प्रथिनांच्या जनुकात बिघाड असेल तर त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीच फाटतात. लॅमिनिन 332 मध्ये असेल तर दोन थरांमधला पडदा सुटतो. सातवं कोलॅजेन त्याच्याही खाली असतं, वरचा थर खालच्याला टाचून ठेवणाऱ्या टाक्यांसारखं. त्याचं जनुक, सीओएल7ए1, तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. 118 एक्झॉनचं, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या 118 तुकड्यांचं, हे जनुक वाचताना कंटाळा येतो, पण वाचावं लागतंच. कारण याच जनुकात ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं तर एकच बिघडलेली प्रत आजाराला पुरते. रिसेसिव्ह प्रकारात मात्र दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडचीही, बिघडलेल्या लागतात. कुठला प्रकार आहे, त्यावर पुढच्या मुलाबद्दलचं उत्तर ठरतं.

या बाळाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल होता. मध्येच ‘थांबा’चा संकेत आल्यामुळे प्रथिन पूर्ण बनतच नव्हतं. आईत हाच बदल एका प्रतीत होता, म्हणजे आई वाहक. मग वडीलही वाहक असायला हवेत, हे ओघानं आलंच. नात्यातलं लग्न नव्हतं, तरी योगायोग घडतात.

वडिलांच्या दोन्ही प्रती स्वच्छ निघाल्या.

ज्युनिअरनं फाइल टेबलावर ठेवली आणि नुसतीच उभी राहिली. तिच्या मनात काय आलं ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. अशा वेळी प्रयोगशाळेत कुणी काही बोलत नाही आणि बोलूही नये. एका रकान्यावरून घर मोडू शकतं.

आधी नमुन्यांची अदलाबदल झाली का ते पाहिलं. नव्यानं रक्त घेतलं, उत्तर तेच आलं. मग दुसरी शंका: वडिलांच्या एका प्रतीत जनुकाचा तुकडाच गळालेला असेल, तर बाळात फक्त आईची प्रत दिसेल आणि आपण ती दोनदा मोजू. तीही तपासली. बाळात प्रत्येक एक्झॉनच्या दोन-दोन प्रती होत्या. आता उरली एसएनपी अॅरे, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांवरच्या लाखो खुणा एकदम पाहणं.

ती सकाळ मी विसरणार नाही. स्क्रीनवर एकेका गुणसूत्राचा आलेख सरकत होता. दोन पालकांकडून वेगवेगळ्या खुणा आल्या की ठिपक्यांचे तीन पट्टे दिसतात: वर एक, खाली एक आणि मध्ये एक. पहिल्या आणि दुसऱ्या गुणसूत्रावर तीनही पट्टे होते. तिसऱ्यावर मधला पट्टा नव्हताच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौथ्यापासून पुन्हा तीन. आईवडिलांचे आलेख शेजारी लावले. बाकी सगळ्या गुणसूत्रांवर वडिलांचा निम्मा वाटा चोख होता. फक्त तिसरं गुणसूत्र दोन्ही वेळा आईचं होतं, आणि तेही एकाच प्रतीची नक्कल.

याला युनिपॅरेंटल डायसोमी म्हणतात. जनुकतज्ज्ञ एरिक एंगेल यांनी 1980 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1988 मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या एका रुग्णात ती प्रत्यक्ष सापडली. बहुधा शुक्राणूत तिसरं गुणसूत्र आलंच नसावं, आणि गर्भानं आईकडून आलेल्या एकाचीच नक्कल करून जोडी पूर्ण केली असावी. तसं झालं नसतं तर गर्भ टिकलाच नसता. दुर्दैव एवढंच, की नक्कल झाली ती बिघडलेल्या प्रतीची.

रिपोर्ट लिहिताना मी नेहमीचा क्रम मोडला. रिपोर्टचा फोटो नातेवाइकांत फिरतो आणि लोक पहिलं पानच वाचतात, हे इतक्या वर्षांत पाहिलंय. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं, की सर्व निष्कर्ष जैविक पितृत्वाशी सुसंगत आहेत. तक्ता दुसऱ्या पानावर ढकलला.

दुपारी दोघं आले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे माझ्यात काहीच दोष नाही?” आई खाली बघत म्हणाली, “मग माझ्यामुळेच झालं ना, मॅडम?”

हे मी धरलंच नव्हतं असं नाही. तिला म्हटलं, “अहो, वाहक असणं हा आजार नव्हे. तुमच्या त्या प्रतीनं एकट्यानं काहीच बिघडत नव्हतं. गुणसूत्र वाटताना गडबड झाली आणि त्यावर कुणाचा ताबा नसतो.” तिला ते कितपत पटलं कोण जाणे.

दोघांचे चेहरे बदलले ते पुढच्या आकड्यानं. दोघं वाहक असते तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका सांगावा लागला असता. इथे तो नगण्य आहे. तपासणी हवी असल्यास करता येईल, एवढं सांगितलं.

बाळाचं रोजचं मात्र तसंच राहणार होतं: न चिकटणारं ड्रेसिंग, निर्जंतुक सुईनं फोड फोडायचा पण वरचं कातडं ठेवायचं. सीओएल7ए1 ची चांगली प्रत जखमेवर पोचवणाऱ्या जेलला अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळाली, हे वडिलांनी आधीच वाचलं होतं. ते कुणाला देता येतं आणि बंद झालेल्या जखमेवरही फोड पुन्हा येऊ शकतो, यावर त्यांच्या प्रश्नांना बराच वेळ गेला.

निघताना आईनं धाकट्या बहिणीचा विषय काढला. तिचं लग्न ठरलं होतं. तिच्यात तोच बदल असण्याची शक्यता निम्मी, असं मी सांगितलं. मग होणाऱ्या नवऱ्याचंही रक्त द्यावं लागेल का? ती वाहक निघाली, तरच. आईनं तिथूनच बहिणीला फोन लावला.