तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाकडे एवढा पॉवर आला कुठून?

मी फ्रेंच शिकवते, पण क्लासमध्ये, लग्नाकार्यात, व्हॉट्सॲपवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भाषेबद्दलचा नसतोच. तो असा असतो: "फ्रान्समध्ये पंतप्रधान पण आहे आणि राष्ट्राध्यक्ष पण आहे, मग आपल्याकडे जसा कारभार पंतप्रधानाकडे असतो तसा तिकडे का नाही? राष्ट्राध्यक्षाकडे एवढा पॉवर कसा?" डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान बार्निये यांचं सरकार अविश्वास ठरावावर पडलं आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँ मात्र होते तिथेच राहिले, तेव्हापासून तर हे जास्तच विचारतात. एका शब्दात उत्तर हवं असेल तर अल्जीरिया, उत्तर आफ्रिकेतला तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेला देश. तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, होऊही नये, म्हणून सविस्तर लिहिते.

१९४६ ची फ्रेंच घटना, म्हणजे चौथं रिपब्लिक, ही पार्लमेंटच्या हातात सगळं देणारी घटना होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या पेताँचं एकहाती राज्य नुकतंच भोगलेल्या लोकांना पुन्हा एका माणसाच्या हातात देश द्यायचा नव्हता, आणि ते समजण्यासारखंच आहे. महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंचांचे नेते असलेले जनरल द गॉल यांनी त्याच वर्षी जूनमध्ये बायो गावी भाषण करून सांगितलं होतं की राष्ट्राध्यक्ष मजबूत पाहिजे. कुणी ऐकलं नाही. मग १२ वर्षांत वीसच्या वर सरकारं आली आणि गेली. तरी रेल्वे धावत होती, कारखाने उभे राहत होते, देश काही बुडाला नव्हता. अडलं ते वसाहतींपाशी, कारण वसाहत सोडायची म्हणजे कुणीतरी एकाने पुढे होऊन शिव्या खाव्या लागतात, आणि जे सरकार पुढच्या महिन्यात असेल की नाही याची खात्री नाही ते कशाला खाईल?

एकाने खाल्ल्या. पिएर मांदेस-फ्रान्स. या माणसाबद्दल आपल्याकडे जवळजवळ काहीच बोललं जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ७ मे १९५४ ला व्हिएतनाममधला फ्रेंच लष्कराचा तळ दिएन बिएन फू पडला, जूनमध्ये हे पंतप्रधान झाले आणि पार्लमेंटला सांगितलं की २० जुलैपर्यंत इंडोचायनाचं (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) युद्ध मिटवतो, नाही जमलं तर राजीनामा. जिनिव्हात २० तारखेच्या रात्री वाटाघाटी अजून चालूच होत्या, सह्या झाल्या त्या २१ ची पहाट उजाडताना, आणि मुदत पाळल्याचं दिसावं म्हणून तिथली घड्याळं मध्यरात्रीवर थांबवली होती असं सांगतात. दहा दिवसांनी हेच गृहस्थ ट्युनिसला जाऊन ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता जाहीर करून आले. पाँडिचेरीचा प्रश्न पण त्यांच्याच काळात सुटला. फ्रेंच घटनेप्रमाणे लोकांच्या संमतीशिवाय भूभाग सोडता येत नव्हता, म्हणून १८ ऑक्टोबर १९५४ ला पाँडिचेरीजवळच्या किळूर गावी लोकप्रतिनिधींचं मतदान घेतलं, १७८ पैकी १७० जण भारताच्या बाजूने पडले, आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला.

आता ही तारीख बघा. १ नोव्हेंबर १९५४. त्याच दिवशी पहाटे अल्जीरियात एफएलएनने, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेने, ठिकठिकाणी हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. इकडे पाँडिचेरीत तिरंगा चढला आणि तिकडे तेच मांदेस-फ्रान्स, ज्यांनी इंडोचायना सोडलं, ट्युनिशियाला वाट करून दिली, ते पार्लमेंटमध्ये म्हणाले की अल्जीरिया हा रिपब्लिकचा भाग आहे, तिथे तडजोड नाही. त्यांचे गृहमंत्री होते फ्रान्स्वा मित्तराँ, ते तर अल्जीरिया म्हणजेच फ्रान्स असं सरळ म्हणाले.

कारण कागदावर अल्जीरिया वसाहत नव्हतीच. १८४८ पासून अल्जीयर्स, ओराँ आणि काँस्तांतीन असे फ्रान्सचे तीन जिल्हे होते ते, पॅरिसभोवतीच्या जिल्ह्यांसारखेच. पण हा 'फ्रान्स' मतपेटीपाशी कसा होता ते बघा. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाची जी असेंब्ली केली तिच्यात १२० जागा होत्या, ६० पहिल्या गटाला, म्हणजे दहा लाखांच्या आसपास युरोपियन आणि मोजके मुस्लिम, आणि ६० दुसऱ्या गटाला, म्हणजे उरलेले ऐंशी लाखांच्या वर मुस्लिम. एका मताची किंमत दुसऱ्याच्या आठपट, आणि वर निवडणुकांत उघड हेराफेरी. पोर्तुगालने पण १९५१ मध्ये घटनेत बदल करून गोव्याला वसाहतीऐवजी सागरापारचा प्रांत केलं होतं, हेतू तोच, की प्रांत म्हटलं की स्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांच्या घरात गोवा मुक्तीसंग्रामाच्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पंतप्रधान गी मोले अल्जीयर्सला गेले. समाजवादी माणूस, शांतता आणतो म्हणून निवडून आलेला. तिथल्या युरोपियन जमावाने त्यांच्यावर टोमॅटो फेकले, आणि त्यांनी अल्जीरियासाठी नेमलेला उदारमतवादी मंत्री त्याच दिवशी मागे घेतला. पुढच्या महिन्यात पार्लमेंटकडून विशेष अधिकार घेतले, सक्तीच्या भरतीतली पोरं तिकडे पाठवली, मग कैद्यांचा छळ वाढला. चौथं रिपब्लिक मेलं १९५८ ला असं पुस्तकात लिहितात, माझ्या मते ते त्या टोमॅटोंच्या दिवशीच संपलं होतं.

१३ मे १९५८ ला अल्जीयर्समध्ये अल्जीरिया फ्रान्सकडेच राहावा म्हणणारा युरोपियन जमाव सरकारी इमारतीत घुसला, लष्कराचे जनरल त्याच्या बाजूने उभे राहिले, २४ मेला पॅराट्रूपर्सनी कॉर्सिका घेतलं आणि पॅरिसवर उतरायची तयारी केली. राष्ट्राध्यक्ष कोती यांनी द गॉलना बोलावलं. १ जूनला असेंब्लीने, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने, त्यांना ३२९ विरुद्ध २२४ मतांनी पंतप्रधान म्हणून निवडलं. विरोधात मत देणाऱ्यांत मांदेस-फ्रान्स होते आणि मित्तराँ पण, त्यांचं म्हणणं होतं की बंदुकीच्या धाकाखाली दिलेलं मत हे मत नाही. दोन दिवसांनी नवी घटना लिहायचा अधिकार सरकारला मिळाला, मिशेल दब्रे यांच्या देखरेखीखाली उन्हाळ्यात ती लिहून झाली, २८ सप्टेंबरला सार्वमत झालं आणि सुमारे ऐंशी टक्के लोकांनी होकार दिला. बायोच्या भाषणातली कल्पना बारा वर्षं पडून होती, ती अशी अल्जीरियामुळे अंमलात आली.

याच सार्वमतात आफ्रिकेतल्या वसाहतींना पण विचारलं होतं, फ्रेंच समुदायात, म्हणजे फ्रान्सच्या छत्राखालच्या संघात, राहायचं की बाहेर पडायचं. गिनीचे सेकू तूरे द गॉलच्या तोंडावर म्हणाले की गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातली गरिबी बरी. गिनीने प्रचंड बहुमताने नाही म्हटलं, २ ऑक्टोबरला स्वतंत्र झाली, आणि फ्रेंच अधिकारी निघताना टेलिफोनसुद्धा उपटून घेऊन गेले. बाकीचे देश 'हो' म्हणाले, पण दोनच वर्षांत त्यांनाही स्वातंत्र्य द्यावं लागलं आणि त्यासाठी १९६० मध्ये नवीकोरी घटना लगेच दुरुस्त करावी लागली.

द गॉलना आणलं कशासाठी, तर अल्जीरिया राखायला. त्यांनी ४ जूनला अल्जीयर्सच्या गर्दीला "मी तुम्हाला समजलोय" असं सांगितलं आणि प्रत्येकाने त्याचा आपापला अर्थ घेतला. सप्टेंबर १९५९ मध्ये मात्र स्वनिर्णयाचा हक्क त्यांनी जाहीर केला. एप्रिल १९६१ मध्ये चार जनरलांनी बंड केलं. द गॉल, आता राष्ट्राध्यक्ष, लष्करी गणवेश घालून टीव्हीवर आले, बराकीतल्या पोरांनी ते ट्रान्झिस्टरवर ऐकलं आणि वरिष्ठांचे हुकूम मानायला नकार दिला, बंड चार दिवसांत कोसळलं. पण त्यासाठी नव्या घटनेतलं कलम १६ लावलं होतं, म्हणजे सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे, आणि ते बंड मोडल्यावर पाच महिने तसंच ठेवलं. ते उठलं आणि तीनच आठवड्यांत, १७ ऑक्टोबरला, पॅरिसमध्ये संचारबंदीच्या विरोधात शांतपणे निघालेल्या अल्जीरियन लोकांना पोलिसांनी मारलं, सीन नदीत फेकलं. पोलीसप्रमुख मोरिस पापों यांना ना तेव्हा कुणी जाब विचारला ना पुढे कित्येक वर्षं. मजबूत राष्ट्राध्यक्षाचं कौतुक करणाऱ्यांना मी ही तारीख सांगितल्याशिवाय राहत नाही.

मार्च १९६२ ला एफएलएनशी युद्धबंदीचा एव्हियाँचा करार, जुलैत अल्जीरिया स्वतंत्र. फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन मुस्लिमांना, म्हणजे हार्कींना, मागे सोडलं आणि त्यातले हजारो मारले गेले. आणि त्याच जुलैत फ्रेंच पार्लमेंटने १९५६ पासून पडून राहिलेला पाँडिचेरीचा करार मंजूर केला, १६ ऑगस्टला पाँडिचेरी कायद्याने भारताची झाली. अल्जीरिया पेटलेला असताना हा करार पार्लमेंटमध्ये मंजूर करून घ्यायचं धाडस कुणाला होत नव्हतं, म्हणून आठ वर्षं लागली.

२२ ऑगस्टला पॅरिसजवळ प्ती-क्लामारला द गॉलच्या गाडीवर गोळीबार झाला, अल्जीरिया सोडल्याचा सूड म्हणून. ते वाचले आणि तीन आठवड्यांत त्यांनी जाहीर केलं की राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायचा. घटनादुरुस्तीचा रस्ता पार्लमेंटमधून जातो, ते पार्लमेंटला बाजूला ठेवून सरळ सार्वमताला गेले. सिनेटचे अध्यक्ष गास्तों मोनेरविल, फ्रेंच गयानाचे, गुलामाचे नातू, त्यांनी याला उघडपणे अधिकाराचा गैरवापर म्हटलं. ५ ऑक्टोबरला असेंब्लीने पंतप्रधान पाँपिदूंचं सरकार पाडलं. द गॉलनी असेंब्लीच बरखास्त केली, २८ ला सार्वमत ६२ टक्क्यांनी जिंकलं आणि पाँपिदूंना परत नेमलं. बार्नियेंचं सरकार पडलं तेव्हा "१९६२ नंतर पहिल्यांदा" असं सगळीकडे छापून आलं होतं ना, ते हे.

मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "द गॉल मोठे होते की नाही?" अल्जीरिया सोडायला दुसरं कुणी धजावत नव्हतं आणि ते त्यांनी केलं, त्यासाठी ते मोठेच. पण १९६२ च्या भांडणात मला मोनेरविल बरोबर वाटतात. युद्धासाठी मागून घेतलेला अधिकार युद्ध संपल्यावर परत करायचा असतो, आणि इथे युद्ध संपल्यावर तो वाढवला गेला. कलम १६ आजही घटनेत आहे. २००८ मध्ये त्यात एक बदल असा झाला की तीस दिवसांनंतर साठ खासदार घटना परिषदेकडे (कायदे घटनेत बसतात का ते तपासणारी संस्था) जाऊन ते अजून गरजेचं आहे का असं विचारू शकतात.