तारीख विचारणारा फोन

बुधवार, रात्री साडेदहा

नंदीध्वजाच्या सरावाला गेलेली पोरं आत्ता बोळातून परत गेली. गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आला, म्हणजे आत्यांची तिथीही आली. (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा.)

आज जेवताना मामांशी वाजलं. वर्षश्राद्धाच्या पंगतीचे आचाऱ्यानं 45,000 सांगितलेत, मांडव वेगळा. मी म्हटलं, आपण घरातल्या घरात पान वाढू आणि हे पैसे स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन चालतं तिथं आत्यांच्या नावानं देऊ. मामांनी ताटातून मान वर केली नाही. "तिनं जन्मभर लोकांना खाऊ घातलं. अन् तिच्या नावानं चार माणसं जेवू नयेत व्हय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता लिहितानाही नाही.

खाऊ घातलं हे खरंच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकून आत्यांनी दोन पोरांची शिक्षणं काढली. घरात मिक्सर होता, पण चटणीसाठी त्याला हात लावू द्यायच्या नाहीत. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. वरून तेल ओतणं म्हणजे त्यांच्या लेखी फसवणूक. गाठ उजव्या बाजूला आली. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने कुणाजवळ बोलल्या नाहीत. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या आणि पुढं तो हात सुजत गेला. एका सकाळी बांगड्या मनगटात रुतल्या तेव्हा कासाराला घरी बोलावलं. त्यानं साबणाचं पाणी लावून एकेक उतरवली, दोन वाढवाव्या लागल्या. नवरा समोर बसलेला, आणि हात रिकामा. आत्यांनी उरलेल्या सगळ्या डाव्या हातात चढवल्या आणि दुपारी त्याच हातानं कुटायला बसल्या. तेवढ्या बांगड्या एकाच हातात किती वाजतात! गिऱ्हाईक म्हणायचं, चटणी जाडी लागायलीय. आत्या म्हणायच्या, आता डावीच मिळंल.

तो फोन त्या गेल्यावर दोन महिन्यांनी आला. बाईचा आवाज, मुंबईहून. "पेशंट कशा आहेत?"

"गेल्या."

जरा थांबून ती म्हणाली, "सॉरी मॅडम. तारीख सांगता का?"

मी फोन कट केला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा तारीख फेकल्यासारखी सांगितली. माणूस गेलं आणि यांना रकाना भरायचाय, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

खरं तर तो फोन आत्यांनीच मागून घेतला होता. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून आम्ही मुंबईला जायचो, त्यातल्या एका खेपेला डॉक्टरांनी विचारलं, आमच्याकडे एक अभ्यास सुरू आहे, तुमचं नाव घालू का? तुम्हाला त्याचा फायदा होईलच असं नाही. आत्यांचा प्रश्न एकच, "पैसे पडतील का?" नाही म्हटल्यावर, "मग घाला की." सही करायच्या आधी हात पदराला पुसला. चटणी लागलेली नव्हती, पण सवय.

मधे एका संशोधनाविषयी वाचलं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी देशातल्या 11 केंद्रांत 1,600 बायकांवर केलेलं. दात काढताना देतात ते भुलीचं लिग्नोकेन. निम्म्या बायकांना ऑपरेशनच्या सात-दहा मिनिटं आधी ते गाठीच्या भोवती टोचलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांपैकी 86.4 टक्के हयात होत्या, दिलेल्यांपैकी 90.1 टक्के. औषध इतकं स्वस्त की त्यातून कुठल्या कंपनीला काय सुटणार? मला वाटतं असल्या कामांनाच आपल्यासारख्यांचे पैसे लागतात.

पण मी अडकले ते 'पाच वर्षांनी'वर. ते 90.1 कुणीतरी घरोघर विचारूनच निघालेलं असणार. पेशंट कशा आहेत? गेल्या. तारीख सांगता का? माझ्यासारख्या किती सुनांनी फोन आपटले असतील कोण जाणे.

आणि हे काही मुंबईतच होतं असं नाही. आपल्या बार्शीत 1987 पासून कॅन्सरची नोंदणी चालू आहे, ग्रामीण भागातली देशातली पहिली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांच्या गावागावांत माणसं जातात, कुणाला काय झालं, कोण कधी गेलं ते लिहून घेतात. माझं माहेर परांड्याचं, आणि हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

हे सगळं मघाशी मामांना सांगितलं. पटवायला नाही, भांडण तसंच ठेवून झोप लागली नसती म्हणून. त्यांनी ऐकलं. लिग्नोकेनचं दोनदा विचारलं. शेवटी म्हणाले, पंगत होईल, पण पन्नास पानांची. उरेल ते तुझ्या त्या कामाला दे. आणि चटणी आचाऱ्याची नको, तू कूट. मी हो म्हटलं. हाताला फोड येणार हे नक्की, मला पाव किलोच्या पुढं जमत नाही.

दिवा घालवायला उठले तर मामांनी हाक मारली.

"तो फोन परत यायचा न्हाई का?"

"नाही मामा. तारीख घेतली की झालं त्यांचं."

"मग तूच लाव की. तिचं नाव घातलं होतं न्हवं त्यात? विचार, काय निघालं म्हणून."

नंबर मी कधी सेव्हच केला नव्हता. संमतीपत्राच्या कागदावर असेल. फाईल माळ्यावर आहे, भाकरीच्या पत्र्याच्या डब्यांमागं. सकाळी स्टूल घेऊन काढते.